स्किन कॅन्सर टाळायचा तर फॅमिली डॉक्टरकडून नेमकं काय करून घ्यायचं

अंगावर एखादा डाग दिसला की बहुतेकजण दोनपैकी एक करतात, एक तर सरळ दुर्लक्ष नाहीतर नेटवरचे फोटो बघून घाबरून थेट स्किन स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट. मधे एक माणूस राहून जातो तो म्हणजे तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर. मी स्वतः फॅमिली डॉक्टर आहे त्यामुळे आमच्या लोकांची बाजू घेतेय असं वाटू शकतं, पण मुद्दा अगदी साधा आहे. स्किन स्पेशालिस्टकडे तुम्ही जाता ते शंका आल्यावर, आणि आमच्याकडे तुम्ही खोकल्याला येता, बीपीला येता, पोरांच्या लसीला येता, कंबर धरली म्हणून येता. म्हणजे ज्या डागाची तुम्हाला शंकाच नाही तो सगळ्यात आधी बघायची संधी आमच्याकडे असते, पाठीला स्टेथोस्कोप लावताना पाठ दिसतेच की. फक्त डॉक्टर त्या वेळी खोकल्याच्या विचारात असतो आणि पेशंट शर्ट खाली घ्यायच्या घाईत असतो, म्हणून ती संधी जाते. ती जाऊ नये म्हणून पेशंटने काय करायचं आणि डॉक्टरने काय करायचं ते लिहितेय, दोघांनाही उपयोगी पडावं.

आधी आजाराबद्दल थोडं. स्किन कॅन्सर हा एकच आजार नाही, मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा सगळ्यात जास्त सापडतो, हळूहळू वाढतो, शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही पण जिथे बसलाय तिथलं नाक, पापणी, कान पोखरत राहतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा त्यापेक्षा जास्त त्रासाचा, आणि ओठावर किंवा कानावर झाला तर मानेतल्या गाठींपर्यंत पोचायची भीती जास्त. तिसरा मेलानोमा, तो त्वचेला रंग देणाऱ्या पेशींमधून होतो. संख्येने कमी पण जीवावर बेततो तो जास्त करून हाच, २०२० साली जगभरात अंदाजे ३,२५,००० लोकांना नव्याने झाला आणि ५७,००० च्या आसपास लोक गेले. मेलानोमात सगळं काही जाडीवर असतं. अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवलं की गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेलीय त्यावर पेशंटचं पुढचं ठरतं, आणि आजही बायोप्सीच्या, म्हणजे कापून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये आम्ही पहिल्यांदा तोच आकडा शोधतो. १ मिलिमीटरच्या आत सापडला तर बहुतेक लोक कापून काढल्यावर बरे होतात. तोच डाग आणखी काही महिने बघत बसलो तर गोष्ट वेगळी.

दवाखान्यात जाऊन आधी काय सांगायचं

पुढच्या वेळी कशालाही गेलात तरी शेवटी उठताना नाही तर बसल्या बसल्या सांगा, "डॉक्टर, मला स्किन कॅन्सरचा धोका किती आहे ते एकदा बघायचंय, वेगळी वेळ देता का." हे वाक्य महत्त्वाचं आहे कारण दाराच्या कडीला हात लावून "हो आणि हा एक तीळ पण बघा ना" म्हटलं की डॉक्टर उभ्या उभ्या बघतो आणि उभ्या उभ्या बघितलेलं चुकतं. दहा-पंधरा मिनिटं वेगळी मागून घ्या.

मग हिस्टरी नीट द्या. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं, यांच्यापैकी कुणाला मेलानोमा झालाय का. तुम्हाला स्वतःला आधी कुठला स्किन कॅन्सर झालाय का, कारण एकदा झालेल्याला दुसरा व्हायची शक्यता बरीच जास्त असते. लहानपणी उन्हाने फोड येऊन कातडी सोलली होती का. किडनी किंवा लिव्हरचं ट्रान्सप्लांट झालंय का, कारण ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालू असतात आणि त्या लोकांमध्ये स्क्वॅमस सेल कॅन्सर सामान्य माणसापेक्षा कितीतरी पटीने जास्त होतो. कधी रेडिएशन घेतलंय का. जुनं मोठं भाजल्याचं व्रण आहे का, त्यात पुन्हा पुन्हा जखम होते का, कारण अशा जुन्या व्रणात वर्षानुवर्षांनी कॅन्सर उभा राहू शकतो आणि लोक त्याला "जुनी जखम आहे, अधूनमधून चिघळते" म्हणून सोडून देतात. पिण्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं आर्सेनिक जात असेल तरी तळहात-तळपायावर कडक गाठी येतात आणि पुढे त्यात कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा तुमच्या भागातल्या पाण्याबद्दल असं काही ऐकलं असेल तर तेही सांगा.

काम काय करता हे तर सांगाच. शेतात, बांधकामावर, रस्त्यावर, बोटीवर काम करणाऱ्यांना ऊन हा कामाचा धोका आहे असं कुणी समजावूनच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ मध्ये मिळून अंदाज काढला की मेलानोमा सोडून बाकीच्या स्किन कॅन्सरने जे मृत्यू होतात त्यातला जवळपास तीनातला एक उन्हात काम केल्यामुळे होतो. जर्मनीत तर २०१५ पासून उन्हामुळे झालेला स्क्वॅमस सेल कॅन्सर कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्याने मानला जातो. तुमच्या केसपेपरवर नुसतं "नोकरी" किंवा "मजुरी" लिहिलेलं असेल तर डॉक्टरला कसं कळणार की दुपारभर तुम्ही उघड्यावर असता.

तीळ किती आहेत हाही प्रश्न येतो, आणि सगळं अंग मोजत बसायला कुणाला वेळ नसतो. त्याची एक सोपी युक्ती आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २०१५ मध्ये गोऱ्या बायकांवर अभ्यास करून सांगितलं की फक्त उजव्या हातावर ११ पेक्षा जास्त तीळ असतील तर अंगभर १०० च्या वर असण्याची शक्यता जास्त, आणि जितके तीळ जास्त तितका मेलानोमाचा धोका जास्त. हा आकडा गोऱ्या त्वचेवरचा आहे, सावळ्या त्वचेला तसाच्या तसा लावू नका, पण हात मोजायला एक मिनिट लागतं आणि डॉक्टरला अंदाज येतो.

गोळ्यांची पिशवी सोबत न्या

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो कारण इथे फॅमिली डॉक्टरशिवाय दुसरं कुणी लक्ष घालत नाही. बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड नावाचं औषध खूप वर्षांपासून दिलं जातं, बऱ्याचदा दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असतं त्यामुळे पेशंटला माहीतही नसतं. हे औषध त्वचेला उन्हाच्या बाबतीत नाजूक करतं. २०१८ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने इशारा दिला की वर्षानुवर्षं घेतलं तर बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल कॅन्सरचा धोका वाढतो, २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनेही, लेबल बदललं. आता घाबरायच्या आधी आकडा बघा, एफडीएचा हिशेब आहे की हे औषध घेणाऱ्या दर १६,००० लोकांमागे वर्षाला साधारण एक जादा केस, बराच काळ घेतलेल्या गोऱ्या लोकांमध्ये त्याहून जास्त. म्हणजे गोळी आपल्या मनाने बंद करायची अजिबात गरज नाही, बीपी वाढून स्ट्रोक येणं हा कितीतरी मोठा धोका आहे. पण ज्याला आधीच एकदा स्किन कॅन्सर झालाय आणि तरी तीच गोळी चालू आहे, त्याने डॉक्टरला विचारलंच पाहिजे की दुसरी देता येईल का. बीपीच्या गोळ्यांना पर्याय भरपूर आहेत.

तसंच ॲझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन ही इम्युनिटी दाबणारी औषधं, आणि बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल जास्त दिवस चालू असेल तर तेही. मुरमांसाठी किंवा इन्फेक्शनसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असताना ऊन जास्त चटका देतं, त्या काळात जपून राहायचं. ही औषधं बऱ्याचदा वेगवेगळ्या स्पेशालिस्टनी लिहिलेली असतात आणि सगळी एका टेबलावर एकत्र येतात ती फॅमिली डॉक्टरच्याच, म्हणून पिशवी न्या, नुसती नावं आठवून सांगू नका.

तपासणी कशी व्हायला हवी

सगळं अंग बघायचं म्हणजे सगळं. आतले कपडे सोडून बाकीचे कपडे काढावे लागतात, वर चादर किंवा गाऊन घेऊन एकेक भाग उघडत बघता येतं, लाज वाटत असेल तर घरातलं कुणीतरी सोबत ठेवा नाहीतर नर्सला थांबायला सांगा, हे मागण्यात काहीही गैर नाही. जाताना मेकअप नको, नखांना नेलपॉलिश नको, केस मोकळे सोडता येतील असे. उजेड चांगला हवा. लोक छाती-पाठ दाखवतात आणि झालं म्हणतात, पण कॅन्सर लपतो तो कानामागे, डोक्यावरच्या केसांत, मानेच्या मागच्या बाजूला, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, कुल्ल्यांवर, गुप्तांगावर. टक्कल असलेल्या माणसाचं डोकं आणि कानाचे वरचे कंगोरे हे आयुष्यभर ऊन खाल्लेले भाग असतात, तिथे मी डोळ्यांच्या आधी बोट फिरवते. ॲक्टिनिक केरॅटोसिस नावाचे जे उन्हाने झालेले चट्टे असतात ते दिसायच्या आधी बोटाला कळतात, कातडीवर सँडपेपरसारखा खरखरीत ठिपका लागतो, रंग जेमतेम लालसर, पेशंट म्हणतो कोरडेपणा आहे, क्रीम लावतोय. त्यातले बहुतेक कॅन्सर होत नाहीत पण काही होतात, आणि तो माणूस बराच ऊन खाल्लेला आहे एवढं तर नक्की कळतं. यावर गोठवणं आहे, ५-फ्लुरोयुरॅसिलसारखी क्रीम्स आहेत, शिकलेला फॅमिली डॉक्टर स्वतः ट्रीट करू शकतो.

आता पाय. सावळी किंवा काळी त्वचा असलेल्या प्रत्येकाने हा भाग नीट वाचा. आपल्याला स्किन कॅन्सर होत नाही असं खूप लोक धरून चालतात, त्यात निम्मं खरं आहे, त्वचेला रंग देणारा मेलानिन बरंचसं संरक्षण देतो आणि उन्हामुळे होणारे कॅन्सर गडद त्वचेत खूप कमी होतात. पण मेलानोमाचा एक प्रकार आहे ॲक्रल, तो तळहातावर, तळपायावर आणि नखाखाली होतो, तिथे ऊन लागतच नाही, आणि गडद त्वचेच्या लोकांना मेलानोमा झाला तर तो बऱ्याचदा हाच असतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता, १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. या प्रकाराला सनस्क्रीन लावून काही उपयोग नाही, बघणं हा एकच उपाय. आणि पाय कोण बघतो सांगा. शुगरच्या पेशंटचे पाय आम्ही बघतो, बाकीच्यांचे कुणीच नाही.

मी कसं बघते ते सांगते. दोन्ही मोजे काढायला लावते, एक नाही. टाच, तळव्याचा मधला भाग, बोटांच्या खालचा उंचवटा, मग प्रत्येक बेचकं बोटांनी फाकवून. तळव्यावर तपकिरी-काळा डाग असेल तर विचारते कधीपासून, काही लागलं होतं का. लागून साकळलेलं रक्त काही आठवड्यांत पुढे सरकत जातं किंवा जातंच, नखाखालचं असेल तर नख वाढतं तसं ते टोकाकडे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख येतं. जो डाग जागचा हलत नाही आणि मोठा होतोय तो वेगळा. नखावर उभी काळी रेघ गडद त्वचेच्या लोकांत अगदी कॉमन असते, बऱ्याच नखांवर असते आणि त्यात काही नसतं. पण एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, मोठ्या वयात नव्याने आलेली, रुंद होत चाललेली, आणि तिचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर सांडलेला दिसतो अशी रेघ दिसली की त्याच दिवशी रेफरन्सची चिठ्ठी लिहायची. लोक याला बुरशी समजून महिनोन् महिने लावायची औषधं लावत बसतात, कुरूप समजून कापत बसतात. तळपायाची जखम भरत नाही, भोवती काळपट रंग आहे, तर ड्रेसिंग पुढच्या आठवड्यात परत असं करत वेळ घालवू नये.

घरी काय बघायचं

महिन्यातून एकदा अंघोळीनंतर आरशासमोर, पाठीसाठी दुसरा आरसा किंवा घरातलं माणूस. नियम तुम्ही वाचले असतील, दोन अर्धे जुळत नाहीत, कडा वाकडीतिकडी, रंग एकसारखा नाही, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, आणि बदलतोय. पहिले चार नियम १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काढले आणि बदलाचा पाचवा नंतर जोडला गेला, पण माझ्या मते सगळ्यात भारी तो पाचवाच आहे. छोटा असो, गोल असो, सुबक असो, बदलतोय ना, मग दाखवा. दुसरं म्हणजे तुमच्या अंगावरचे बाकीचे तीळ साधारण एकमेकांसारखे असतात, त्यात एखादा अगदी परका वाटत असेल तर तो दाखवा. बरेच मेलानोमा जुन्या तिळातून नाही तर साध्या कातडीवर नवे उगवतात, तेव्हा पस्तिशी-चाळिशीनंतर नवीन "तीळ" आला तर त्याचं कौतुक नको, तपासणी करा. आणि सगळे काळे असतात असंही नाही, काही मेलानोमा गुलाबी किंवा लालसर असतात, टणक, वर आलेली, पटापट वाढणारी गाठ, महिनाभर सलग वाढतेय म्हणजे थांबायचं नाही. जी जखम किंवा खपली तीन-चार आठवड्यांत भरत नाही, पडते परत येते, हात लावला की रक्त येतं, ती पण.

शंका असलेल्या डागाचा फोटो काढून ठेवा, शेजारी फूटपट्टी ठेवून, तारीख दिसेल असा, आणि एक लांबून काढा म्हणजे नेमका कुठला तीळ ते कळेल. जवळून काढलेला एकटा फोटो नंतर कुठल्या तिळाचा हेच आठवत नाही. मोबाईलमधली ॲप्स फोटो बघून "लो रिस्क" सांगतात त्यावर विसंबू नका, २०२० मध्ये बीएमजे या मासिकात अशा ॲप्सच्या अभ्यासांचा आढावा आला होता आणि त्यात ही ॲप्स भरवशाची नाहीत असंच निघालं. ॲपने हिरवा सिग्नल दिला म्हणून न दाखवणं हे सगळ्यात वाईट.

संशयास्पद काही सापडलं तर

इथे एक गोष्ट मला अगदी ठामपणे सांगायचीय, पेशंटलाही आणि माझ्यासारख्या डॉक्टरांनाही. काळा किंवा तपकिरी डाग निदान न करता जाळायचा नाही, गोठवायचा नाही, लेझर मारायचा नाही, दोऱ्याने बांधून पाडायचा नाही, बाजारातला मलम लावून तर अजिबात नाही. "चामखीळ आहे, दोन मिनिटांत कॉटरीने जाळून उडवून देतो" असं कुणी म्हटलं आणि तो डाग रंगीत असेल तर हात धरून थांबवा. वरचा भाग उडतो, खालच्या पेशी राहतात, आणि जाडी मोजायला काही उरत नाही. मेलानोमाची शंका असेल तर शक्य असेल तेव्हा पूर्ण डाग, भोवतीची साधारण २ मिलिमीटर चांगली कातडी घेऊन, काढायचा आणि पॅथॉलॉजीला पाठवायचा. डॉक्टरला हे स्वतः जमत नसेल तर हात न लावता पुढे पाठवणं हे त्याचं काम, यात कमीपणा काहीच नाही. आणि कातडीतून जे काही कापून काढलं ते लॅबला गेलंच पाहिजे, कितीही साधं वाटलं तरी. तुम्ही विचारा, "हे तपासायला पाठवणार ना?"

डॉक्टरकडे डर्मोस्कोप असेल तर उत्तम. भिंग आणि लाइट असलेलं छोटं यंत्र असतं, त्वचेच्या वरच्या थराखालचे रंगाचे पॅटर्न त्यातून दिसतात, पण नुसतं विकत घेऊन ठेवलं तर काही उपयोग नाही, ते वाचायला शिकावं लागतं, शिकलं की साध्या डोळ्यापेक्षा नक्कीच जास्त बरोबर निदान होतं.

रेफरन्सच्या चिठ्ठीत "स्किन लेजन, प्लीज सी" (त्वचेवर डाग आहे, बघा) एवढंच असेल तर ती परत द्या आणि नीट लिहून मागा. डाग कुठे, किती मिलिमीटर, कधीपासून, काय बदललं, घरात कुणाला, कुठली औषधं, आणि मेलानोमाची शंका असेल तर तो शब्द स्पष्ट लिहिलेला आणि वर "अर्जंट". समोरच्या हॉस्पिटलमध्ये कोण आधी कोण नंतर हे त्या कागदावरूनच ठरतं. ब्रिटनमध्ये यासाठी फॅमिली डॉक्टरना सात मुद्द्यांची यादी दिलेली आहे, आकार वाढला, आकृती वेडीवाकडी, रंग असमान याला प्रत्येकी २ मार्क, ७ मिलिमीटर किंवा मोठा, सूज, पाझर, खाज किंवा संवेदनेत बदल याला प्रत्येकी १, एकूण ३ झाले की तातडीने पाठवायचं. आपल्या मनाच्या धाकधुकीपेक्षा असा आकडा बरा पडतो.

उन्हाचं काय

सनस्क्रीनचा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात, मी तो शेवटी ठेवते कारण सावली आणि कपडे आधी येतात. यूव्ही म्हणजे उन्हातले त्वचेला इजा करणारे अतिनील किरण, ते किती तीव्र आहेत हे सांगणारा रोजचा यूव्ही इंडेक्स हवामानाच्या ॲपमध्ये मिळतो, ३ किंवा वर असेल तर काळजी घ्यायची, भर दुपारची उघड्यावरची कामं शक्य तितकी पुढेमागे करायची. उकडत नाही म्हणजे यूव्ही नाही असं नसतं, हलक्या ढगांतूनही त्यातला बराचसा भाग खाली येतो, डोंगरावर दर हजार मीटरला साधारण १० टक्के वाढतो, बर्फावरून तर उलटा वर येतो. पूर्ण बाह्या, जाड विणीचं कापड, कान आणि मान झाकणारी रुंद काठाची टोपी, कारण पुढे चोच असलेल्या टोपीत कान उघडेच राहतात.

सनस्क्रीन लावायचं तर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त, यूव्हीचे यूव्हीए-यूव्हीबी हे दोन्ही प्रकार अडवणारं, बाहेर पडायच्या वीसेक मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी परत, घाम किंवा पोहणं झालं की लगेच. लोक लावतात त्याच्या दुप्पट लागतं, मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी जवळपास ३० मिलिलिटर. याचा खरंच फायदा होतो का, तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नंबूर गावात १,६२१ मोठ्या माणसांवर १९९२ ते १९९६ असा प्रयोग झाला, निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, निम्म्यांना आपापल्या मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कॅन्सर जवळपास ४० टक्के कमी निघाले, आणि प्रयोग संपल्यावर दहा वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा रोज लावणाऱ्यांत मेलानोमा ११ आणि मर्जीवर सोडलेल्यांत २२. गोऱ्या लोकांसाठी यापेक्षा चांगला पुरावा कुठे मिळणार. गडद त्वचेला हे आकडे लागू होतील असं मी सांगणार नाही, पण उघड्यावर काम करणारे, कोड असलेले, ट्रान्सप्लांटवाले, उन्हाने चट्टे येणारे यांनी त्वचेचा रंग न बघता लावावं. अल्बिनिझम असलेल्या, म्हणजे जन्मापासूनच त्वचेत रंग नसलेल्या किंवा फार कमी असलेल्या, मुलांचा तर हा रोजचा औषधोपचार समजा, त्यांना कमी वयात स्क्वॅमस सेल कॅन्सर होतो, त्यांची तपासणी वर्षातून किमान दोनदा तरी व्हावी आणि शाळेत उघड्यावरच्या खेळाच्या वेळेबद्दल डॉक्टरने चिठ्ठी द्यावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको, सावलीतच ठेवा.

डी जीवनसत्त्वाची काळजी वाटते ना, ती रास्त आहे. कमतरता असेल तर रक्त तपासून गोळी घ्या, त्यासाठी भाजून घ्यायची गरज नाही. टॅनिंग बेड, म्हणजे त्वचा मुद्दाम सावळी करून घ्यायला यूव्ही दिव्यांखाली झोपायचं यंत्र, त्याबद्दल एकच, २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखू ज्या गटात आहे त्याच. जाऊ नका.

मग सगळ्यांनीच दरवर्षी अंग तपासून घ्यायचं का

इथे डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. जर्मनीत २००८ पासून ३५ वर्षांवरच्या कुणालाही दर दोन वर्षांनी तपासणी मिळते आणि ती ट्रेनिंग घेतलेला फॅमिली डॉक्टरही करतो. दुसरीकडे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या टास्क फोर्सने २०२३ मध्ये सांगितलं की काहीच तक्रार नसलेल्या सगळ्यांचं अंग तपासायचा फायदा-तोटा ठरवण्याइतका पुरावा नाही. त्यांनीच २०१८ मध्ये मात्र गोऱ्या त्वचेच्या ६ महिने ते २४ वर्षांच्या मुलामुलींना उन्हापासून जपायचा सल्ला डॉक्टरांनी द्यावा अशी शिफारस केलीय. मी स्वतः सरसकट सगळ्यांना दरवर्षी बोलावत नाही, विनाकारण बायोप्स्या होतात आणि लोक घाबरतात. वर सांगितलेल्या धोक्यांपैकी काही असेल त्यांना मात्र केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहून ठेवते आणि ठरावीक काळाने बोलावते, बाकीच्यांना बदल दिसला की या म्हणते.

सोबतच्या डॉक्टरांना एवढंच सांगेन की वेगळा कॅम्प नको आणि वेगळं बजेट नको, बीपीचा पट्टा फुगेपर्यंत हात आणि कान बघून होतात, शुगरवाल्यांचे पाय बघताच तसे बाकीच्यांचेही बघा, आणि "अंगावर काही बदललंय का" हा प्रश्न वजनासारखा रोजच्या नोंदीत टाका. ज्यांना आधी एकदा बेसल किंवा स्क्वॅमस सेल होऊन गेलाय त्यांच्यासाठी निकोटिनामाइड ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा हा पर्याय स्पेशालिस्टशी बोलून बघण्यासारखा आहे, २०१५ च्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात त्याने नवीन कॅन्सर २३ टक्क्यांनी कमी झाले होते, गोळी थांबली की फायदाही थांबला. ज्यांना कधीच झालेला नाही त्यांनी सहज म्हणून घ्यायची गोळी नाही ही.

बायोप्सी झाली की रिपोर्टची तारीख विचारूनच बाहेर पडा. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक असं धरायचं नाही, रिपोर्ट लॅबमध्ये पडून राहतात, चुकीच्या नंबरवर जातात, डॉक्टर रजेवर असतो. त्या तारखेला स्वतः जा, कागदाची कॉपी घ्या, कडा मोकळ्या आहेत का ते विचारा, म्हणजे डाग पूर्ण निघाला का. मेलानोमा निघाला तर जाडी किती ते लिहून घ्या, आणि तुमच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना त्यांच्या त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे त्याच महिन्यात पाठवा, रिपोर्टची कॉपी सोबत देऊन.